उपदेशाचे वेळापत्रक कोण आखते?

(‘धर्म आणि स्त्रिया’ या विषयावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण धर्मग्रंथांत बाईविषयी काय लिहिले आहे यावर बोलतो आहोत. माझ्याकडे ख्रिस्ती धर्म आला आहे, तेव्हा मी हव्वेपासून सुरुवात करीन आणि पौलाच्या पत्रांवर थांबेन असे तुम्हाला वाटले असेल. ते मी आज करणार नाही. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे आणि ते तुम्हाला वाचायला मिळेल. मला आज एका कागदाविषयी बोलायचे आहे. वेळापत्रकाचा कागद. कुठल्या रविवारी, कुठल्या देवळात, कोण उपदेश करणार आणि बायबलचा कुठला भाग वाचला जाणार, हे ज्यावर लिहिलेले असते तो कागद.

हा विषय तुम्हाला किरकोळ वाटेल. पण आपण चळवळीतल्या बाया आहोत. सभेची कार्यक्रमपत्रिका ज्याच्या हातात असते त्याने अर्धी सभा आधीच जिंकलेली असते, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. ‘बाईने बोलू नये’ असे आता सहसा कोणी तोंडावर म्हणत नाही. वेळ नव्हता, नाव राहून गेले, वक्ते आधीच ठरले होते, असे म्हणतात. धर्मसंस्थाही याच भाषेत बोलते, आणि तिचे जुने कागद सुदैवाने शिल्लक आहेत.

ज्या मैत्रिणी कधी चर्चमध्ये गेल्या नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगते. प्रॉटेस्टंट उपासनेत गीते असतात, प्रार्थना असतात, शास्त्रपाठ असतो. पण मधला कणा म्हणजे उपदेश. वीस मिनिटे, अर्धा तास एक माणूस उभा राहून बोलतो आणि बाकीचे मुकाट्याने ऐकतात. मध्ये कोणी प्रश्न विचारत नाही. तीच माणसे पुढच्या रविवारी पुन्हा येतात. असा श्रोता कुठल्या पक्षाला, कुठल्या युनियनला मिळतो सांगा! आपल्याकडे गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका छापतात, तिच्यावर रोजच्या कीर्तनकाराचे नाव असते. ती पत्रिका एकदा नीट पाहा. काकड्याला, हरिपाठाला, पंगतीच्या कामाला बाया असतातच. कीर्तनाच्या रांगेत त्यांची नावे किती, ते मोजा. आता काही ठिकाणी दिसू लागली आहेत, पण मोजावी लागतात.

चर्चच्या बाबतीत या कागदाचा सगळ्यात स्पष्ट नमुना इंग्लंडमधल्या मेथडिस्टांचा आहे. तोच मी घेते.

जॉन वेस्ली हा अठराव्या शतकातला अँग्लिकन धर्मगुरू. १७३९ पासून तो चर्चच्या भिंतीबाहेर, उघड्या माळावर, खाणकामगारांपुढे उपदेश करू लागला. पण या गोष्टीची सुरुवात त्याच्याआधी, त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात झाली असे मी म्हणेन. सुझाना वेस्ली ही एपवर्थ गावच्या पाळकाची बायको. १७११-१२ च्या हिवाळ्यात नवरा कामानिमित्त लंडनला गेला होता. रविवारी संध्याकाळी ती मुलांना आणि नोकरांना छापील उपदेश वाचून दाखवी. शेजारी येऊन बसू लागले, आणि बघता बघता दोनशेच्या आसपास माणसे जमू लागली. नवऱ्याच्या जागी आलेल्या सहायकाच्या उपासनेला एवढी गर्दी नव्हती. त्याने तक्रारीचे पत्र लिहिले, आणि नवऱ्याने लंडनहून कळवले की हे बंद कर. तिने उत्तर दिले, त्याचा आशय असा: नुसती इच्छा कळवू नका, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे देवापुढे उभे राहायची वेळ येईल तेव्हा या माणसांना परत पाठवल्याचा दोष माझ्यावर राहणार नाही. जॉन तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याच घरात होता.

पुढे वेस्लीची माणसे गावोगाव वाढली. धर्मगुरू मोजके, गावे पुष्कळ. म्हणून आसपासच्या गावांचे एक ‘सर्किट’ केले. त्यात काही पगारी, फिरते उपदेशक. आणि त्यांच्या जोडीला ‘लोकल प्रीचर’, म्हणजे त्याच भागात राहणारे, आठवडाभर आपापला धंदा करणारे आणि रविवारी बिनपगारी उपदेश करणारे लोक. यात चांभार होते, विणकर होते, शेतमजूर होते. आता कोण कुठे जाणार याचा घोळ होऊ नये म्हणून तीन महिन्यांचा एक तक्ता काढीत. त्यालाच ‘प्लॅन’ म्हणतात.

हा प्लॅन डोळ्यांपुढे आणा. डावीकडे वरून खाली गावांची नावे. वरच्या बाजूला आडवे तेरा रविवार. प्रत्येक चौकटीत एक आकडा. बाजूला उपदेशकांची यादी, प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा क्रमांक. समजा, तुमच्या गावासमोर तिसऱ्या रविवारी १७ लिहिले आहे, म्हणजे यादीतला सतरावा माणूस त्या दिवशी तुमच्याकडे येणार. क्रमांक ज्येष्ठतेने. वरचा कोणी वारला की खालचे एकेक पायरी वर सरकत. अगदी तळाशी उमेदवारांची नावे असत. त्यांनी एखाददुसरा उपदेश करून दाखवायचा, ज्येष्ठांनी तो ऐकून अहवाल द्यायचा, आणि तीन महिन्यांनी भरणाऱ्या उपदेशकांच्या बैठकीत त्यांना पुढे घ्यायचे की नाही हे ठरायचे. नेमलेल्या दिवशी दांडी मारली तर त्याच बैठकीत जाब द्यावा लागे. एखाद्याविषयी ‘त्याचे नाव प्लॅनवर आले’ असे म्हटले की त्या गावात त्याची पत वाढे.

हे सारे लिहायला कोरडे वाटते, पण यातून काय घडले पाहा. ज्याला कोणी कधी बोलायला उभे केले नसते अशा मजुराला महिन्यातून दोनदा चाळीस माणसांपुढे अर्धा तास बोलावे लागले. त्यासाठी वाचावे लागले, टिपणे काढावी लागली, बैठका चालवाव्या लागल्या. १८३४ साली डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना बांधली म्हणून हद्दपारीची शिक्षा झाली. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट लोकल प्रीचर होता. १८७२ साली शेतमजुरांची राष्ट्रीय युनियन उभी करणारा जोसेफ आर्च, तोही लोकल प्रीचरच. प्लॅन ही गरिबांची वक्तृत्वशाळा होती. म्हणून त्यावर कोणाचे नाव नाही हा प्रश्न फक्त देवळापुरता राहत नाही. ज्यांना प्लॅनवरून वगळले त्यांना या शाळेतूनही वगळले.

आता बायांकडे येऊ.

मेथडिस्टांचे छोटे गट असत, त्यांना ‘क्लास’ म्हणत. आपल्या बचतगटासारखे, आठवड्याला भेटणारे, एकमेकांची विचारपूस करणारे. बायांचे क्लास बाया चालवीत. फेब्रुवारी १७६१ मध्ये डर्बी गावात सेरा क्रॉस्बी नावाची बाई असा क्लास घ्यायला गेली. तिची अपेक्षा तीसेक जणींची. आली दोनशे माणसे. एकेकाशी बोलणे अशक्य होते. मग तिने उभे राहून सर्वांना उद्देशून बोलायला सुरुवात केली. घरी येऊन तिने वेस्लीला पत्र लिहिले, मी केले ते बरोबर की चूक? वेस्लीने तिला दोष दिला नाही. पण पुढच्या वेळी लोकांना आधी सांगून टाक, म्हणाला, की मेथडिस्टांत बाई उपदेशक चालत नाही आणि मला तो मान घ्यायचा नाही, मी फक्त माझ्या मनात आहे ते सांगते. १७६९ मध्ये त्याचा सल्ला आणखी बारीक झाला: बायबलचे वचन निवडून त्यावर बोलू नकोस, आणि सलग बोलू नकोस, चार-पाच मिनिटांनी थांब, मग पुन्हा बोल.

म्हणजे बोलायला हरकत नाही, फक्त त्याला उपदेश म्हणायचे नाही! आपल्यातल्या किती जणींना हे ओळखीचे वाटते? काम बाईने करायचे, पण त्या कामाचे नाव तिला द्यायचे नाही.

वेस्लीला मात्र मी सरसकट खलनायक करणार नाही. समोर घडते आहे ते पाहून तो बदलत गेला. १७७१ मध्ये मेरी बोझँक्वेट या बाईने त्याला सविस्तर, मुद्देसूद पत्र लिहून बायबलमधूनच बाईच्या बोलण्याचे समर्थन केले. तिला, आणि सेरा क्रॉस्बीलाही, असामान्य पाचारण आहे हे त्याने मान्य केले. १७८७ मध्ये सेरा मॅलेट हिला कॉन्फरन्सच्या वतीने उपदेशाची लेखी परवानगी मिळाली. सेरा क्रॉस्बीने १७७७ या एका वर्षात घोड्यावरून ९६० मैल प्रवास केला आणि २२० जाहीर सभा घेतल्या, शिवाय सहाशेच्या आसपास लहान बैठका. चार-पाच मिनिटांनी थांबायचा नियम तिने किती पाळला असेल, तुम्हीच ठरवा.

यात एक अडचण होती. ‘असामान्य पाचारण’ म्हणजे अपवाद. पुरुषाला सामान्य पाचारण पुरे, बाईचे असामान्य असावे लागते. अपवादाला हक्क नसतो. तो कोणाच्या तरी मर्जीवर उभा असतो, आणि ती व्यक्ती गेली की मर्जीही जाते. वेस्ली मार्च १७९१ मध्ये वारला. १८०३ साली मँचेस्टरला भरलेल्या कॉन्फरन्सपुढे सरळ प्रश्न ठेवला गेला: आपल्यात बायांना उपदेश करू द्यावा काय? उत्तर आले, साधारणपणे नाही. कारणे दोन दिली. एक, आपल्या बहुसंख्य लोकांना ते पसंत नाही. दुसरे, त्याची गरज दिसत नाही, कारण पुरेसे उपदेशक उपलब्ध आहेत. यात पौलाचे नाव नाही, हव्वेचे नाव नाही! पुरेसे पुरुष मिळाले, आता तुमची गरज नाही, एवढेच.

गिरणीतून काढून टाकलेल्या बाईला हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्यातही एक फट ठेवली. एखाद्या बाईला असामान्य पाचारण आहे असे वाटलेच तर तिने फक्त बायांपुढे बोलावे. त्यासाठी आपल्या सर्किटच्या सुपरिंटेंडंटची आणि तिमाही सभेची परवानगी घ्यावी. दुसऱ्या सर्किटमध्ये जायचे तर तिथल्या सुपरिंटेंडंटचे लेखी आमंत्रण हवे आणि आपल्या सुपरिंटेंडंटची चिठ्ठी हवी. पुरुषाला प्लॅनवर एक आकडा पुरत होता. बाईला एवढे कागद.

जॉर्ज इलियटची ‘ॲडम बीड’ ही १८५९ ची कादंबरी काही जणींनी वाचली असेल. तिच्यातली डायना मॉरिस गावच्या माळावर उपदेश करते. इलियटने हे पात्र आपल्या मेथडिस्ट काकूवरून घेतले. कादंबरीच्या शेवटी डायना संसारात आहे आणि उपदेश थांबला आहे, कारण कॉन्फरन्सने बंदी घातली आहे. वाचक तो शेवट गोड मानतात. मला कधी मानता आला नाही.

पण खऱ्या बाया सगळ्या गप्प बसल्या नाहीत. मेरी बोझँक्वेट, लग्नानंतरची मेरी फ्लेचर, नवरा १७८५ मध्ये वारल्यावरही मॅडली गावात शेवटपर्यंत, म्हणजे १८१५ पर्यंत, बोलत राहिली. मेरी टॅफ्ट १८०३ नंतरही उत्तर इंग्लंडभर हिंडली. तिचा नवरा झकराया स्वतः फिरता उपदेशक. त्याने पुढे अशा उपदेशक बायांची चरित्रे गोळा करून १८२५ आणि १८२८ मध्ये दोन भागांत छापली. ती नसती तर यातल्या बऱ्याच जणी आपल्याला नावानेही कळल्या नसत्या.

आणि बंदी आली की नवी वाट फुटते. १८०७ नंतर उभ्या राहिलेल्या प्रिमिटिव्ह मेथडिस्टांनी आणि १८१५ पासूनच्या, डेव्हन-कॉर्नवॉलकडल्या बायबल ख्रिश्चनांनी बायांना केवळ लोकल नव्हे, फिरत्या उपदेशक म्हणूनही घेतले. बायबल ख्रिश्चनांच्या सुरुवातीच्या वर्षांत फिरत्या उपदेशकांपैकी जवळजवळ निम्म्या बाया होत्या. या गटांकडे पैसा नव्हता, चॅपल नव्हते, माणसे कमी होती. बाया होत्या. पगार त्यांना पुरुषांपेक्षा कमी. त्या काळच्या काही प्लॅनवर पुरुषांची नावे पूर्ण छापलेली आणि बायांची नुसती आद्याक्षरे, किंवा नावाऐवजी एखादी खूण, असेही दिसते. बाई हवी, पण कागदावर उघड नको.

मग हे गटही स्थिरावले. पक्की चॅपले झाली, पाळकाला घर झाले, ‘प्रतिष्ठित’ कुटुंबे येऊ लागली. तसतशी फिरत्या बायांची यादी आखडत गेली. प्रिमिटिव्ह मेथडिस्टांतली शेवटची फिरती उपदेशक एलिझाबेथ बल्टिट्यूड १८६२ मध्ये निवृत्त झाली. तिच्या जागी दुसरी आली नाही. बंदीचा ठराव कोणी केला नाही. नुसते नव्या बाईला घेतले नाही. ही पद्धत मला १८०३ च्या ठरावापेक्षा जास्त घातक वाटते, कारण ठरावाविरुद्ध भांडता तरी येते.

अमेरिकेतल्या एका बाईचे नाव इथे घेतलेच पाहिजे. जरीना ली, कृष्णवर्णीय, १७८३ मध्ये न्यू जर्सीत जन्मलेली. तिने फिलाडेल्फियाच्या रिचर्ड ॲलन यांच्याकडे उपदेशाची परवानगी मागितली. ॲलन स्वतः गुलामीतून सुटलेले, गोऱ्यांच्या चर्चमधला अपमान सोसून कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र मेथडिस्ट चर्च उभारणारे. त्यांनी सांगितले, आपल्या नियमावलीत बाई उपदेशक नाही. आठ वर्षे गेली. एका रविवारी नेमलेला उपदेशक योनाच्या पुस्तकावर बोलता बोलता अडखळला. जरीना बाकावरून उठली आणि तिथून पुढे तिने बोलायला सुरुवात केली. आता आपल्याला हाकलणार असे तिला वाटले. पण ॲलन उभे राहिले आणि म्हणाले, हिने आठ वर्षांपूर्वी मला विचारले होते, मी टाळले. आज मला खात्री पटली. १८२७ या एका वर्षात ती २,३२५ मैल फिरली, बरेचसे पायी, आणि तिने १७८ उपदेश केले. तरीही तिच्या चर्चने पुढची कित्येक वर्षे बायांना रीतसर परवाना दिला नाही. आपल्याकडे दलित चळवळीतल्या स्त्रियांनी जे प्रश्न पुरुष सहकाऱ्यांना विचारले ते इथे आठवतात.

इंग्लंडमधल्या मुख्य वेस्लियन शाखेने १९१० मध्ये ‘फक्त बायांपुढे’ ही अट काढली आणि १९१८ मध्ये स्त्री व पुरुष लोकल प्रीचर यांना सारखे केले. १९१८ म्हणजे चार वर्षे पुरुष आघाडीवर मरत होते ते महायुद्ध संपल्याचे वर्ष, आणि तीस वर्षांवरील इंग्रज बायांना काही अटींवर मत मिळाल्याचेही. १८०३ मध्ये ‘पुरेसे उपदेशक’ होते. १९१८ मध्ये किती उरले असतील? बायांच्या लढ्याचे श्रेय मी कमी करीत नाही. पण दार उघडते तेव्हा आत कोणती निकड आहे तेही पाहावे.

शिवाय प्लॅनवर नाव येणे ही एक गोष्ट आणि प्लॅन आखणे ही दुसरी. प्लॅन आखतो सर्किटचा सुपरिंटेंडंट. तोच उपदेशकांकडून सोयीच्या तारखा मागवतो, तोच आकडे भरतो. कोणाला शहरातले मोठे चॅपल, कोणाला पावसाळी रात्रीचे डोंगरावरचे, हे त्याच्या पेन्सिलीवर. आणि सुपरिंटेंडंट हा दीक्षित पाळक असावा लागतो. १९३२ मध्ये ब्रिटनमधल्या मेथडिस्ट शाखा एकत्र आल्या, पण पाळक म्हणून बायांची पहिली दीक्षा झाली जुलै १९७४ मध्ये. ब्रिस्टलला, सतरा जणींची. म्हणजे १९१८ पासून ५६ वर्षे बाईचा आकडा कागदावर होता, पण तो कागद आखायचा अधिकार तिला नव्हता. कॅथलीन रिचर्डसन १९९२ मध्ये कॉन्फरन्सच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. आज तिथे प्लॅन संगणकावर निघतो, चौकटी त्याच आहेत, आणि निम्म्याहून अधिक उपासना अजूनही लोकल प्रीचरच घेतात.

आपल्याकडे मराठी मुलखात मिशनांनी ‘बायबल वुमन’ नेमल्या. घरोघरी, वस्तीवर, बायांत जाऊन त्या शास्त्र वाचीत, समजावून सांगत, गाणी शिकवीत. पुरुष पाळकाला ज्या घरात पाऊल टाकता येत नव्हते तिथे याच बाया पोचल्या. त्यांच्या कामाला उपदेश म्हटले गेले नाही. वेस्लीचा चार-पाच मिनिटांचा नियम इथे वेगळ्या वेषात आला. आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खे बायबल मराठीत आणले, मुक्तीच्या छापखान्यात बायामुलींनी त्याचे खिळे जुळवले. १९२४ मध्ये, रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, ते प्रसिद्ध झाले. जो ग्रंथ बाईने भाषांतरित केला, बायांनी छापला, तो मंडळीपुढे उघडायला मात्र बहुतेक ठिकाणी पुरुष उभा राहिला.

वसईच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणी इथे आहेत. त्यांच्याकडे मिस्साबलिदानात पहिले आणि दुसरे वाचन बाई करते, पण शुभवर्तमानानंतरचे प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन यांच्यासाठीच राखून ठेवलेले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेत तसे कलमच आहे. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचकपद बायांना अधिकृतपणे खुले केले. म्हणजे वाचा, पण अर्थ सांगू नका.

वाचायचे तरी काय? आता दुसऱ्या कागदाकडे वळते. त्याला मी वाचनक्रम म्हणेन. कॅथलिकांचा आत्ताचा वाचनक्रम १९६९ चा. त्यावरून प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी मिळून एक सामाईक क्रम केला, त्याची सुधारित आवृत्ती १९९२ ची. दोन्हींत रविवारची वाचने तीन वर्षांच्या फेऱ्यात लावलेली आहेत. पाळकाने आपल्या आवडीची दहा वचने घोळत बसू नये, लोकांना सगळा ग्रंथ ऐकायला मिळावा हा हेतू. हेतू चांगला आहे आणि मी या पद्धतीच्या बाजूची आहे. पण सगळा ग्रंथ तीन वर्षांच्या रविवारांत मावत नाही. कात्री लागते. कात्री कुठून फिरली ते पाहू.

निर्गमच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. इब्र्यांचे मुलगे जन्मताच मारा, असा हुकूम मिसरच्या राजाने त्यांना दिला. त्यांनी तो मोडला आणि राजाला थाप मारली. सत्तेविरुद्धच्या सविनय कायदेभंगाच्या अगदी जुन्या कथांपैकी ही एक, आणि ती दोन सुइणींची! कॅथलिकांच्या रोजच्या वाचनक्रमात हा अध्याय येतो. आठव्या ओवीपासून चौदाव्यापर्यंत वाचतात, आणि एकदम बाविसावी. मधल्या ओव्यांतल्या सुइणी गळून पडतात. ईस्टरच्या रविवारी सकाळी योहानाचा विसावा अध्याय नवव्या ओवीशी थांबतो. दोन पुरुष शिष्य रिकामी कबर पाहून जातात तिथे. मग्दालीया मरीयेला येशू भेटतो आणि तिला निरोप देऊन पाठवतो तो भाग मंगळवारी. मंगळवारी चर्चमध्ये किती माणसे असतात?

प्रॉटेस्टंटांच्या सामाईक क्रमात या दोन्ही जागा दुरुस्त आहेत. सुइणी आहेत, मरीयाही रविवारीच आहे. पण २ शमुवेलचा तेरावा अध्याय नाही. त्यात दावीद राजाची मुलगी तामार आहे. तिचा सावत्र भाऊ अम्नोन आजारपणाचे सोंग करून तिला खोलीत बोलावतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. ती आधी विनवते, युक्तिवाद करते, नंतर आपले वस्त्र फाडून आक्रोश करीत बाहेर पडते. सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो, आता गप्प राहा. बाप संतापतो आणि काहीही करीत नाही. पुढे अबशालोम अम्नोनला मारतो, बापाविरुद्ध बंड करतो आणि मरतो. वाचनक्रमाच्या दुसऱ्या वर्षी हे पुस्तक रविवारांना लावून वाचतात. २०२४ मध्ये ४ ऑगस्टला दावीद आपल्या पापाची कबुली देतो, आणि ११ ऑगस्टला तो मेलेल्या अबशालोमसाठी रडतो. मधले सगळे वगळलेले. मुलगा का बंडखोर झाला हे बाकावरच्या माणसाला कळतच नाही. बापाचे रडणे ऐकू येते, मुलीचे येत नाही.

ज्या बाकांवर आपण केसच्या निमित्ताने भेटतो तशा मुली बसलेल्या असतात, ज्यांना घरातल्याच माणसाने छळले आहे आणि घरातल्यांनीच गप्प राहा म्हटले आहे. त्यांच्या ग्रंथात त्यांची गोष्ट आहे हे त्यांना रविवारी कधी कळणार नाही. हे लेकराबाळांसमोर कसे वाचायचे, असे म्हणतात. लढायांची वर्णने, दगडमार, मुंडकी उडवणे हे लेकराबाळांसमोर चालते.

दुसरी बाजूही सांगते. याच सामाईक क्रमात ‘बाईने मंडळीत मुके राहावे’ हे करिंथकरांस लिहिलेले वचन नाही, तीमथ्याला लिहिलेले तसलेच वचनही नाही. काही जणींना हा विजय वाटतो. मला शंका आहे. जे वाचले जात नाही त्यावर उघड वादही होत नाही, आणि ते घराघरांत तोंडी चालूच राहते.

अमेरिकेतल्या बायबल-अभ्यासक विल्डा गाफनी यांनी २०२१ मध्ये बायांच्या कथा मध्यावर ठेवून पर्यायी वाचनक्रमाची पुस्तके काढायला सुरुवात केली. तसे काम मराठीत करायला पदवी लागत नाही. बायबल, वही आणि चार रविवार पुरेत. माझ्या मंडळीतल्या तिघीजणींनी गेल्या वर्षभराच्या उपासनांची नोंद ठेवली: कोण बोलले, काय वाचले, बाईचे नाव किती वेळा आले. त्यांची वही मी आणली आहे; मधल्या टेबलावर ठेवते. तुमच्या भागातल्या सप्ताहाच्या पत्रिका, वाझच्या बैठका, बौद्ध विहारांतली प्रवचने, आपल्या स्वतःच्या मेळाव्यांचे छापील कार्यक्रम, यांचीही अशी वही होऊ शकेल. दुपारी त्यावर बोलू.

आता चहा आला आहे. चहानंतर गट पाडण्याआधी आपण २ शमुवेलचा तेरावा अध्याय वाचणार आहोत, पहिल्या ओवीपासून बाविसाव्यापर्यंत. पाळीपाळीने, मोठ्याने. प्रती पुढच्या रांगेत आहेत, दोघींत एक घ्या.